रॉबर्ट मॉरिस देशापायी भिकेला लागला नव्हता

आज सकाळपासून वेगवेगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. रॉबर्ट मॉरिस, फिलाडेल्फियाचा व्यापारी, अमेरिकेचा भामाशा! स्वातंत्र्ययुद्धात सगळी दौलत ओतली, स्वतः भिकेला लागला आणि कृतघ्न देशाने त्याला तुरुंगात घातलं. खाली हात जोडलेल्यांची रांग. एका गृहस्थांनी तर लिहिलंय, "देश व्यापाऱ्यांच्या हातात द्या, मग बघा." दुपारपर्यंत गप्प बसले होते. आता नाही बसवत.

मॉरिस तुरुंगात गेला हे खरं. देशापायी गेला हे साफ खोटं. युद्ध संपलं 1783 साली आणि तो आत गेला फेब्रुवारी 1798 मध्ये. मधली सगळी वर्षं फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गिळून टाकलीत, आणि खरी गोष्ट त्याच वर्षांत आहे.

मला याचा एवढा राग का येतो तेही सांगते. आमच्या आबांचं सांगलीत हळदीचं आडत दुकान होतं. माल हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, असायचा. लहानपणी एक पेव उघडताना पाहिलंय. तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली आणि सगळे बाजूला जाऊन उभे राहिले. आतली हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही. आबा स्वतः काठावर उभे, धोतराचा सोगा हातात, आणि कुणी पोर पुढे सरकलं की नुसती नजर टाकायचे.

मी शाळेत असताना आबा बुडाले. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात मोठे काका सांगतात, की बहात्तरच्या दुष्काळात आबांनी शेतकऱ्यांना बिनव्याजी उचल दिली, ती परत आली नाही आणि दुकान गेलं. उचल दिली होती, शंभर टक्के खरं. जत, कवठेमहांकाळकडची जुनी माणसं अजून आबांचं नाव काढतात. पण दुकान गेलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हळदीच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या भावावरच्या सट्ट्यात. तेजी धरून बसले, भाव कोसळला आणि फरक भरायला पैसे उरले नाहीत. हे मला आईने सांगितलं. काकांच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही.

आता मॉरिसकडे या. लिव्हरपूलचा पोरगा. तेराव्या वर्षी मेरीलँडमधल्या ऑक्सफर्ड बंदरात आला, तिथे बाप तंबाखूचा व्यापार बघायचा. 1750 मध्ये बापाच्या सन्मानार्थ जहाजावरून तोफ डागली आणि तिच्यातला बोळा त्यालाच लागला. त्या जखमेने तो गेला. पोरगं फिलाडेल्फियात चार्ल्स विलिंगच्या पेढीवर उमेदवारी करत मोठं झालं आणि 1757 मध्ये मालकाच्या मुलाचा, थॉमस विलिंगचा, भागीदार झालं. कर्तबगारी होतीच, कोण नाही म्हणतंय? पण याच पेढीने गुलाम बनवलेली माणसंही आणून विकली. हात जोडणाऱ्यांनी हे वाचलंय का? भामाशाचं नाव लावताना जीभ कशी अडखळत नाही?

2 जुलै 1776 ची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेत, स्वातंत्र्याचा ठराव मतदानाला आला तेव्हा मॉरिसचं मत होतं की अजून वेळ आलेली नाही. तरी त्याने आणि पेनसिल्व्हेनियाचाच दुसरा प्रतिनिधी जॉन डिकिन्सनने आडवं यायचं नाही असं ठरवलं. दोघे मतदानापासून बाजूला राहिले आणि पेनसिल्व्हेनियाचं मत स्वातंत्र्याच्या पारड्यात पडलं. ऑगस्टमध्ये मॉरिसने जाहीरनाम्यावर सहीही केली. पटलेलं नसताना वाट सोडायची आणि नंतर त्याच निर्णयासाठी मान अडकवायची, याला मोठं मन लागतं.

आणि ते 1781 साल. काँग्रेसच्या कागदी नोटांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. तेव्हा मॉरिसला अर्थखात्याचा प्रमुख केला. त्याने आधीच अट घातली, माझा खाजगी धंदा चालूच राहील. मग स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि लोकांनी त्या घेतल्या, कारण सही मॉरिसची होती. त्या सहीवाचून गाडं अडलं असतं, हे मी मान्य करते. पण तिजोरी सगळी त्याची होती असं समजू नका. युद्धातल्या शेवटच्या मोठ्या लढाईसाठी यॉर्कटाउनकडे निघालेले सैनिक महिन्याचा पगार खणखणीत नाण्यांत मागत होते, तेव्हा मॉरिसने फ्रेंच सेनापती रोशाँबोकडून 20,000 डॉलर उसने आणले. जानेवारी 1782 मध्ये बँक ऑफ नॉर्थ अमेरिका उघडली तिच्या भांडवलातही मोठा वाटा फ्रान्सच्या चांदीचा. ती बोस्टनला उतरवून बैलगाड्यांनी फिलाडेल्फियाला आणली होती. बँकेचा अध्यक्ष कोण? थॉमस विलिंग, जुना भागीदार. धंदा आणि सरकार यांची सरमिसळ होते म्हणून स्वातंत्र्याचा प्रचार करणारा लेखक थॉमस पेन याने 1779 मध्येच वर्तमानपत्रांतून बोंब मारली होती. चौकशीत मॉरिस निर्दोष ठरला. ठरला, ठीक आहे.

वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, घुमटात आतून 1865 मध्ये पूर्ण झालेलं मोठं चित्र आहे. त्यात व्यापाराचा देव मर्क्युरी मॉरिसच्या हातात पैशांची थैली देतोय. चित्रकारालाही कळलं होतं की थैली बाहेरून आली. आमच्या ग्रुपला कळेना.

मग बुडाला कसा? जमिनीत. 1789 ते 1795 पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर होता, आणि त्याच काळात जमिनीमागे जमिनी घेत सुटला होता. जॉन निकल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ हे दोन भागीदार. नव्या राजधानीतले हजारो प्लॉट उधारीवर. 1795 मध्ये नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी काढली, साठ लाख एकरांची. शिवाय फिलाडेल्फियात चेस्टनट स्ट्रीटवर संगमरवराचा वाडा सुरू केला. आराखडा लांफांचा, ज्याने वॉशिंग्टन शहर आखलं त्याचा. तो वाडा कधी पुरा झाला नाही. युरोपात युद्ध पेटलं, तिथून पैसा येईना, आणि भाव चढणार म्हणून घेतलेल्या जमिनींवरचं व्याज आणि कर मात्र थांबेनात. तेजी धरून बसला होता, आमच्या आबांसारखाच.

शेवटी शुइलकिल नदीकाठच्या घरात दार लावून बसला. घेणेकरी बाहेर अंगणात शेकोट्या पेटवून पहारा देत राहिले. मग प्रून स्ट्रीटचा कर्जदारांचा तुरुंग. कर्ज जवळपास तीस लाख डॉलर.

इथे आल्यावर माझा राग जरा निवतो, खोटं कशाला सांगू. बायको मेरी आणि मुलगी मारिया त्याला भेटायला तुरुंगात जात राहिल्या. 1798 मध्ये शहरात पीतज्वर पसरला, त्याच साली त्याचा एक तरुण मुलगा तापाने गेला. आणि त्याच साली जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला आला तेव्हा तुरुंगात जाऊन मित्राबरोबर जेवला. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन ज्या घरात राहिला ते घर मॉरिसचंच होतं. त्या माणसाने अशा वेळी पाठ फिरवली नाही.

आबांकडेही एक माणूस येत राहिला. मार्केट यार्डातले हमाल, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दर पाडव्याला सकाळी यायचे, आबांच्या पायाशी बसायचे, चहा घ्यायचे. मामांनी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे आबांकडे ठेवले होते. आडत्याकडे पैसे ठेवायचे, गरज पडेल तेव्हा व्याजासकट मागायचे, अशीच रीत होती. ते पैसे वायद्यात गेले. मामांनी ते कधी मागितले नाहीत आणि आबांनी कधी मामांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

आता कळलं, मला काकांच्या गोष्टीची चीड का येते? पैसे दुष्काळात लोकांना वाटून संपले म्हटलं की मामा त्या गोष्टीतून पुसलेच जातात. त्यांचं येणं बाकी आहे, हेच कुणाला आठवत नाही. फॉरवर्ड तेच करतो. मॉरिसने देशासाठी सगळं दिलं म्हटलं की त्याच्या नावावर विश्वास ठेवून ज्यांनी पैसे लावले, त्याच्या चिठ्ठ्या घेतल्या, ती माणसं गायब! उलट देशच कृतघ्न! 1800 मध्ये दिवाळखोरीचा कायदा झाला, त्याच्या आधारे ऑगस्ट 1801 मध्ये तो सुटला. मित्र गव्हर्नर मॉरिसने (नात्याचा नव्हे, गव्हर्नर हे त्याचं नाव) खटपट करून मेरीला वर्षाला 1,500 डॉलर मिळण्याची सोय केली, त्यावर घर चाललं. 8 मे 1806 ला गेला. पुढे 1878 मध्ये दहा डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. घेणेकऱ्यांच्या वाट्याला काय आलं, ते कुणी विचारत नाही.

धंदेवाईक माणसाने राजकारणात येऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण "देश व्यापाऱ्यांच्या हातात द्या" म्हणणाऱ्यांनी आधी त्या शेकोट्यांपर्यंत वाचावं.

मोठे काका हे वाचतील आणि चिडतील. चिडू देत. आबांवर माझा जीव होता, आहे. मामा आता नाहीत, त्यांची मुलगी मिरजेला असते. ते पैसे व्याजासकट आपण फेडायचे, असं मी गेल्या दिवाळीत घरात बोलले होते. काकांनी विषय बदलला. आज इथे सगळ्यांसमोर लिहितेय, माझा वाटा मी देणार आहे. बाकीच्यांनी आपापलं सांगा.