फॉर-लूपला रेपोंची यादी कुठून कळणार?

‘अनेक रेपो (गिटमध्ये ठेवलेली कोडची फोल्डरं) सांभाळायला वेगळं टूल कशाला? एक फॉर-लूप, म्हणजे प्रत्येक फोल्डरसाठी त्याच कमांड पुन्हा चालवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, कॉन्फिगच्या (टूलच्या सेटिंग्जच्या फाइलच्या) नादी लागू नका’ हा सल्ला सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्यामागची कारणं मला पटत नाहीत. मी असंच एक टूल, मायरिपॉज, म्हणजे ‘एमआर’ ही कमांड वापरतो, म्हणून उदाहरणं तिचीच देतो.

‘लूपही तेच काम करतो.’ नाही करत. लूपला फक्त आज डिस्कवर असलेली फोल्डरं दिसतात. नव्या मशीनवर त्याच्यासमोर काहीच नसतं. कोणता रेपो कुठून आणायचा, हे कुठेतरी लिहून ठेवावंच लागतं. होम डिरेक्टरीतली ‘.एमआरकॉन्फिग’ ही तीच यादी: चौकटी कंसात फोल्डरचा मार्ग, खाली ‘चेकआउट’ समोर क्लोनची, म्हणजे रेपोची प्रत उतरवून घेण्याची कमांड. एवढी फाइल नेली की ‘एमआर चेकआउट’ सगळे रेपो जागच्या जागी आणून ठेवतं.

शिवाय या सल्ल्यासोबत फिरणारा लूप नीट वाचून बघा: आत सीडी (फोल्डरमध्ये शिरणं), मग गिट पुल (नवे बदल आणणं), मग सीडी डॉट-डॉट (एक फोल्डर वर परतणं). एका फोल्डरमध्ये शिरता आलं नाही, तर शेवटची सीडी तुम्हाला एक पायरी वर नेते आणि पुढची प्रत्येक कमांड भलत्याच ठिकाणी चालते. लूपचा एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की फसलं हे सांगणारा आकडा, शेवटच्या कमांडचा असतो. ती सीडी यशस्वी, म्हणून लूपही यशस्वी! मधला फसलेला पुल आउटपुटमध्ये केव्हाच वर सरकून गेलेला असतो. ‘एमआर’ शेवटी किती रेपो झाले, किती फसले याचा आकडा देतं.

‘कॉन्फिग लिहिण्यात दिवस जातो.’ रेपोत उभं राहून ‘एमआर रजिस्टर’ म्हणा, त्या रेपोची नोंद कॉन्फिगमध्ये आपोआप लिहिली जाते.

‘कॉन्फिगमध्ये शेल कमांड (टर्मिनलमध्ये चालणाऱ्या कुठल्याही कमांड) असतात, म्हणजे धोका.’ ही शंका मात्र रास्त आहे. आणलेल्या एखाद्या रेपोतच दुष्ट कॉन्फिग दडलेली असू शकते. म्हणूनच होममधली मुख्य फाइल सोडून बाकी सगळ्या कॉन्फिग ‘एमआर’ अविश्वासूच धरतं आणि गिट क्लोनसारख्या ठरावीक सुरक्षित कमांडच चालू देतं. एखाद्या फाइलवर भरवसा असेल, तर तिचा मार्ग ‘.एमआरट्रस्ट’मध्ये तुम्ही स्वतः लिहायचा.

दोन-तीनच रेपो असतील, तर खुशाल लूप वापरा. फक्त सीडी आणि पुल गोल कंसात, मध्ये दोन अँपरसँड देऊन लिहा. मग परतीच्या सीडीची गरजच उरत नाही.