‘नैसर्गिक थायरॉइड’चा मेसेज आणि पहिला पंधरवडा

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. थोडक्यात असा: ‘थायरॉइडची पांढरी गोळी म्हणजे निव्वळ केमिकल. त्यात एकच हार्मोन असतं. नैसर्गिक थायरॉइडमध्ये टी-१, टी-२, टी-३, टी-४, कॅल्सिटोनिन सगळं असतं. शंभर वर्षं लोक ते घेत होते, पण त्यावर पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्यांनी ते बाजूला सारलं. शंभरची गोळी बंद करा, एक ग्रेन सुरू करा, आठ दिवसांत फरक बघा.’ खाली हात जोडलेले, आणि ‘जनहितार्थ’. (शंभरची म्हणजे १०० मायक्रोग्रॅमची गोळी; ग्रेनचं पुढे सांगतो.)

मी कोथरूडला मेडिकल चालवतो. आमच्या भागात निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे, त्यामुळे हा मेसेज आमच्याकडे नुसता वाचला जात नाही, अमलात आणला जातो. मध्यंतरी नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या एक काकू न्यू जर्सीला मुलीकडे चार महिने राहून आल्या आणि येताना बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, “ही मागवून देशील का रे? आपल्याकडची ती केमिकलवाली नको आता.” मी झाकण उघडलं. फिकट तपकिरी गोळ्या, त्यावर बारीक ठिपके, आणि एक उग्र वास. लेबलवर ‘पोर्साइन’ लिहिलेलं. काकूंना ते कंपनीच्या गावाचं नाव वाटलं होतं. पोर्साइन म्हणजे डुकराचं, हे सांगायची वेळ माझ्यावर आली. काकू अंडंसुद्धा खात नाहीत.

तेव्हा सुरुवात ‘नैसर्गिक’पासूनच करू. ही गोळी म्हणजे डुकराची थायरॉइड ग्रंथी, वाळवून, दळून, दाबून केलेली. कत्तलखान्यातला उपपदार्थ. तिथला एक जुना प्रसिद्ध ब्रँड ‘आर्मर’, तो शिकागोच्या मांस विकणाऱ्या आर्मर कंपनीच्याच नावावरून आलाय. यात वाईट काही नाही, इन्सुलिनही कित्येक वर्षं गाई-डुकरांचंच होतं. पण आपल्याकडे ‘नैसर्गिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर तुळस येते, म्हणून सांगितलं. जाता जाता आणखी एक: होमिओपॅथीतलं ‘थायरॉइडिनम’ म्हणजे हे नव्हे, कांचनार गुग्गुळ तर अजिबातच नव्हे. त्या दोन्हींत मोजून दिलेलं हार्मोन नसतं. ज्याची ग्रंथी काढून टाकली आहे किंवा बंद पडली आहे, त्याने त्यांच्या भरवशावर रोजची गोळी सोडणं म्हणजे धोक्याशी खेळ.

आता ‘केमिकल’. पांढऱ्या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे टी-४. आपल्या गळ्यातली ग्रंथी जे टी-४ बनवते तोच हा रेणू, अणूला अणू सारखा. १९१४ साली एडवर्ड केंडलने अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तो पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा काढला, तोही डुकरांच्या ग्रंथींतूनच. पुढे १९२७मध्ये ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. डुकराच्या ग्रंथीतलं टी-४ आणि कारखान्यातलं टी-४ समोरासमोर ठेवलं तर तुमच्या पेशींना कुठलं कुठलं ते ओळखता येणार नाही.

‘त्यात एकच हार्मोन असतं’ हे मात्र खरं आहे, आणि मेसेजमधलं हेच एक वाक्य नीट उत्तर देण्याजोगं आहे. शरीरात प्रत्यक्ष काम करतं ते टी-३. पण माणसाच्या ग्रंथीतून ते थेट फारच थोडं बाहेर पडतं. दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम टी-३ लागतं, त्यातलं जेमतेम पाच-सहा ग्रंथीतून येतं. बाकीचं यकृत, मूत्रपिंड, स्नायू वगैरे ठिकाणी टी-४चा एक आयोडीन काढून जागच्या जागी, लागेल तसं बनतं. ज्यांना ग्रंथीच उरलेली नाही अशांच्या शरीरातही टी-४पासून टी-३ तयार होतं, हे १९७०मध्ये सिद्ध झालं. एका गोळीवर भागतं ते त्यामुळेच.

डुकराचं प्रमाण मात्र वेगळं. माणसाच्या ग्रंथीतून टी-४ आणि टी-३ साधारण चौदाला एक या प्रमाणात बाहेर येतात, वाळवलेल्या गोळीत ते चाराला एक असतं. एका ग्रेनमध्ये सुमारे ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३. (ग्रेन म्हणजे जुनं वजन, आपली साधारण अर्धी गुंज.) दोन ग्रेन घेणाऱ्याच्या पोटात एका घोटात १८ मायक्रोग्रॅम टी-३ जातं. ग्रंथी जे दिवसभर थेंबाथेंबाने सोडते, त्याच्या तिप्पट, तेही नाश्त्याआधी. दोन-चार तासांनी रक्तातलं टी-३ शिखर गाठतं, आणि नेमकं तेव्हा साठीच्या माणसाचं हृदय धडधडायला लागतं. डुकरासाठी हे प्रमाण नैसर्गिकच आहे, प्रश्न आपला आहे.

टी-१, टी-२ आणि कॅल्सिटोनिनचं काय? बाटलीवर फक्त टी-४ आणि टी-३ मोजून दिलेलं असतं. बाकीचं किती आहे, आहे की नाही, याची हमी कोणी देत नाही. कॅल्सिटोनिन तर प्रथिनाच्या जातीचं, पोटात गेलं की पचतं.

पेटंटचं कारस्थान एका ओळीत मिटतं: लेव्होथायरॉक्सिनचा रेणूही आता कुणाच्या मालकीचा नाही. माझ्या दुकानात त्याच्या कितीतरी कंपन्यांच्या बाटल्या आहेत आणि शंभर गोळ्यांच्या बाटलीवर मला जे सुटतं, त्यात कारस्थान परवडत नाही.

‘शंभर वर्षं वापरात’ हेही खरं, किंबहुना जास्तच. १८९१मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. थायरॉइड बंद पडून ती सुजली होती, मंदावली होती. ती पुढे २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात ८७०हून अधिक मेंढ्यांचा अर्क तिला लागला. हा प्रसंग मला फार आवडतो. पण त्यातून कळतं ते एवढंच की हार्मोन परत दिलं की माणूस जगतो. कुठल्या बाटलीतून दिलं तर जास्त बरं, हे त्यातून कळत नाही.

जुनं आहे म्हणून मोजमाप पक्कं आहे, असंही नाही. एफडीए म्हणजे अमेरिकेची औषध नियंत्रण संस्था. वाळवलेल्या थायरॉइडला तिची रीतसर मंजुरी कधीच मिळालेली नाही, ते कायद्याच्या आधीपासूनचं म्हणून बाजारात राहिलं. २०२०मध्ये ‘एनपी थायरॉइड’च्या काही बॅचमध्ये टी-३ लेबलपेक्षा जास्त निघालं म्हणून त्या परत मागवाव्या लागल्या, त्याच वर्षी ‘नेचर-थ्रॉइड’ ताकद कमी भरली म्हणून परत गेलं. आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीच मेसेज लिहिणाऱ्यासारखा होईन: लेव्होथायरॉक्सिनलाही तिथे पहिली मंजुरी थेट २०००मध्ये मिळाली, आणि त्याच्या ताकदीतला फरक ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत असलाच पाहिजे हा कडक नियम २००७चा. त्याच्याही बॅच परत गेलेल्या आहेत. मात्र तिथे पट्टी तरी आखलेली आहे.

उरलं ते ‘एक ग्रेन सुरू करा, आठ दिवसांत फरक बघा’. माझं खरं भांडण या वाक्याशी आहे, कारण आठ दिवसांत फरक दिसतो! काकूंना दिसला होता. “दुसऱ्या आठवड्यात मी जिने चढायला लागले,” असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

काय होतं ते बघा. टी-४ शरीरातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. टी-३ला जेमतेम एक दिवस. काकूंनी शंभरची गोळी सोमवारी सोडली म्हणजे टी-४ सोमवारी संपलं नाही. पुढच्या सोमवारीही त्यातलं निम्मं अंगात होतं, त्याच्या पुढच्या सोमवारी पाव. वर नव्या गोळीतलं टी-३ मात्र दोन-तीन दिवसांतच पूर्ण कामाला लागलं. जुनं अजून गेलेलं नाही आणि नवं आलेलं आहे. पगार आणि बोनस एकाच आठवड्यात जमा झाल्यासारखं. जिने का नाही चढणार?

मग जुना साठा ओसरतो. चार-पाच आठवड्यांनी उरतं ते फक्त एका ग्रेनमधलं. ढोबळमानाने टी-३चा एक मायक्रोग्रॅम टी-४च्या तीनाच्या बरोबरीचा धरला, तर ३८ आणि २७, एकूण ६५. आधी होते १००. तक्त्यांमध्ये एक ग्रेन म्हणजे ८८ ते १०० लिहिलेलं असतं, पण ती सरासरी आहे. कुणाला तेवढं पुरतं, कुणाला नाही. काकूंना नाही पुरलं. पाय पुन्हा जड झाले, आणि त्यांनी मुलीच्या बाटलीतल्या आणखी एका गोळीची भर घातली, कारण ‘आधी गुण आला होता ना’. दोन ग्रेनवर धडधड, झोप उडाली, हात थरथरायला लागले. तिथल्या डॉक्टरांनी बंद करून परत पांढरी गोळी दिली.

उलट दिशेला याच हिशेबाचा आरसा. डुकराची गोळी सोडली की टी-३ दोन-तीन दिवसांत निघून जातं, आणि पांढऱ्या गोळीतल्या टी-४ची पातळी जमायला पाच-सहा आठवडे लागतात. मधले पंधरा-वीस दिवस माणूस गळून जातो. काकूंचा निकाल तयार होता: “बघ, केमिकल सुरू केलं आणि मी आडवी.” जाताना आलेला उत्साह नव्या गोळीच्या खात्यात, येताना आलेली मरगळ जुन्या गोळीच्या खात्यात. दोन्ही नोंदी चुकीच्या, कारण त्या पंधरवड्यात दोन्ही औषधं अंगात मिसळलेली असतात. म्हणूनच गोळी किंवा डोस बदलला की डॉक्टर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूजवळच्या ग्रंथीतलं हार्मोन; डोस बरोबर आहे का ते त्याच्या रक्तातल्या पातळीवरून कळतं) सहा ते आठ आठवड्यांनी बघतात, त्याआधी नाही.

यात आणखी एक गफलत होते. वाळवलेल्या गोळीवर रक्तातलं टी-४ कमीच दिसतं, ते त्या प्रमाणामुळे. रिपोर्टवर खाली बाण बघून घाबरून डोस वाढवणारे मी पाहिलेत. आणि सकाळी गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर टी-३ वर चढलेलं दिसतं, तेही फसवं.

मग या गोळीने कुणालाच बरं वाटत नाही का? वाटतं. २०१३मध्ये अमेरिकेत ७० रुग्णांवर एक नीट केलेली चाचणी प्रसिद्ध झाली: प्रत्येकाला १६ आठवडे एक आणि १६ आठवडे दुसरी गोळी, कुठली कधी ते ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. थकवा, स्मरणशक्ती, मन:स्थिती यांत मोजण्याजोगा फरक निघाला नाही. वजन सव्वा-दीड किलोने कमी झालं, वाळवलेल्या गोळीवर. आणि कुठली आवडली विचारल्यावर ३४ जणांनी तीच सांगितली, १३ जणांनी लेव्होथायरॉक्सिन, २३ जणांनी काहीच नाही. हा ३४ आकडा मला झटकून टाकता येत नाही, येऊही नये. टीएसएच नॉर्मल येऊनही ज्यांना बरं वाटत नाही अशी माणसं असतात, आणि ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे त्यांना मिळणारं उत्तर लाजिरवाणं आहे. असले मेसेज त्या उत्तरावरच पोसले जातात.

पण गोळी बदलण्याआधी विचारायच्या गोष्टी आहेत. आमच्याकडच्या शाकाहारी बायकांमध्ये थकव्यामागे बी-१२ आणि लोह किती वेळा निघतं, ते कुठल्याही लॅबवाल्याला विचारा. आणि गोळी घेताय कशी? काकूंना मी विचारलं. चहाबरोबर, आणि त्याच घोटाला कॅल्शियमची. कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास हवेत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. शंभरातलं किती आत जात होतं, देव जाणे. एवढं करूनही फरक नसेल तर हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा. टी-४ला जोडून थोडं टी-३ देऊन बघणं हा मार्ग त्यांच्याकडे आहे, मोजून, हृदय आणि हाडं तपासून. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर मात्र डुकराच्या गोळीचा विषय काढूच नका. बाळाच्या मेंदूला सुरुवातीच्या महिन्यांत आईचं टी-४ लागतं, आणि तेच त्या गोळीत कमी पडतं.

काकूंची बाटली मी मागवून दिली नाही. त्यांनी कालनिर्णयवर सहाव्या आठवड्याच्या गुरुवारभोवती गोल केलाय, त्या दिवशी रक्त द्यायचं. तोवर धडधड किंवा छातीत दुखणं सोडून बरं-वाईट काहीही वाटलं तरी मला फोन करायचा नाही, असं ठरलंय. आजवर दोनदा आलाय. एकदा चहाला पाऊण तास थांबणं जमत नाही म्हणून.