खुलासा: दनीला बाग्रोव आणि ‘चोरांचा कायदा’

‘ब्रात’ या 1997च्या रशियन चित्रपटाबद्दल एक मजकूर फिरतोय: नायक दनीला हा रशियन गुन्हेगारांचा जुना ‘चोरांचा कायदा’ पाळणारा गुंड, आणि ‘ताकद पैशात नाही, सत्यात आहे’ हा त्याचा संवाद याच चित्रपटातला. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

संवादाचं लगेच निपटतं. तो 2000 सालच्या ‘ब्रात 2’मध्ये आहे, शिकागोत, एका अमेरिकन धनिकासमोर.

कायद्याचं प्रकरण जास्त मजेशीर. सोव्हिएत तुरुंगछावण्यांत रुजलेल्या त्या कायद्यात सरकारची चाकरी वर्ज्य होती, सैन्यातली तर नक्कीच. दुसऱ्या महायुद्धात सरकारसाठी बंदूक हाती घेतलेल्या चोरांना बाकीच्यांनी गद्दार ठरवलं आणि त्यावरून छावण्यांत रक्त सांडलं. दनीला तर सैन्यातूनच सुटून आलेला! त्या जुन्या चोरांनी त्याला दारातही उभं केलं नसतं.

त्याचे नियम त्याचे स्वतःचे आहेत. दगा देणाऱ्या सख्ख्या भावाला तो मारत नाही, आईकडे धाडतो. बेघर जर्मन म्हाताऱ्याला पैसे देऊ करतो. म्हणून त्याला गरिबांचा कैवारी म्हणायचं? सुपारी तोही घेतो. ट्रॅममध्ये तिकीट न काढणाऱ्या कॉकेशस प्रदेशातल्या दोघा प्रवाशांना पिस्तूल दाखवून दंड भरायला लावतो, वर वंशावरून शिवी हासडतो. दिग्दर्शक बालाबानोव यांनी हा प्रसंग जराही सौम्य केलेला नाही. फिरणाऱ्या मजकुरात मात्र तो सोयीस्करपणे गाळला आहे.