रिपोर्ट नॉर्मल आला तो पथ्यामुळेच

माझ्या भाचीचा मुलगा दहा महिन्यांचा आहे. त्याला फेनिलकीटोन्युरिया आहे, म्हणजे प्रथिनांतलं फेनिलअलॅनिन हे अमिनो ॲसिड त्याच्या शरीराला नीट वापरता येत नाही आणि ते रक्तात साठतं; म्हणून प्रथिनं मोजून देण्याचं पथ्य आणि दर आठवड्याला रक्ततपासणी. काल त्याच्या आजीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं असेल तर पोराला दर शुक्रवारी का टोचतोय आपण?"

मेसेज म्हणतो: अमिनो ॲसिड म्हणजे प्रथिनंच, रक्तात जास्त असली तर चांगलंच. बाळ तंदुरुस्त दिसत असेल तर टाचेतून रक्त काढू नका. जेवणानंतर आकडे बदलतात, म्हणून ही तपासणी भरवशाची नाही. आणि एकदा रिपोर्ट नॉर्मल आला की पथ्य आणि तपासण्या बंद करा, लॅबवाल्यांचा धंदा आहे तो.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो ऐकला तर मुलाचा मेंदू कायमचा अधू होऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो पथ्यामुळे. फेनिलअलॅनिनचं टायरोसिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडमध्ये रूपांतर करणारं यकृतातलं एन्झाइम या मुलांमध्ये नीट काम करत नाही, आणि कितीही पथ्य पाळलं तरी ते दुरुस्त होत नाही. नेहमीचा आहार सुरू केला की आकडा परत चढतो. नुसत्या तापातही चढतो, कारण शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. 2017 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पहिल्या वर्षी दर आठवड्याला रक्त तपासा, बारा वर्षांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे दर महिन्याला. बारा वर्षांपर्यंत पातळी लिटरमागे 120 ते 360 मायक्रोमोल हवी. त्यातली खालची मर्यादाही बघा. फेनिलअलॅनिन फार कमी झालं तर वाढ खुंटते, तेव्हा हीच तपासणी सांगते की मुलाला थोडी जास्त प्रथिनं द्या. हा आजार असलेल्या मुली मोठ्या होऊन गरोदर राहिल्या आणि पातळी चढलेली असली, तर पोटातल्या निरोगी बाळाच्याही मेंदूला आणि हृदयाला इजा होते. मग तपासणी बंद करायची तरी कधी?

"तंदुरुस्त दिसतं" म्हणे! जन्मताना ही बाळं तंदुरुस्तच दिसतात, कारण तोवर आईचं शरीर त्यांचं रक्त सांभाळत असतं. मेपल सिरप युरिन डिसीज या अशाच जन्मजात आजारात तर ल्युसिन हे अमिनो ॲसिड चढून काही दिवसांतच बाळ बेशुद्ध होऊ शकतं. टाचेच्या रक्ताची चाचणी शोधणाऱ्या रॉबर्ट गथ्री यांच्या पत्नीच्या भाचीच्या फेनिलकीटोन्युरियाचं निदान पंधराव्या महिन्यात झालं, तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

जास्त तितकं चांगलं, यावर काय बोलायचं? साठलेलं फेनिलअलॅनिन मेंदूला विषासारखं आहे.

जेवणाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. आकडे बदलतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा शिरेतून पोषण घेणाऱ्या बाळांमध्ये ते खोटेही चढतात. म्हणूनच रक्त दर वेळी ठरलेल्या वेळी, खाण्याआधी घेतात, एका आकड्यावर निदान करत नाहीत, आणि फेनिलअलॅनिन टायरोसिनच्या किती पट आहे तेही बघतात.

आजीला मी एवढंच लिहिलं: शुक्रवारी सकाळी, दुधाच्या आधी. मी येते सोबत.