शुभेच्छापत्र घ्यावे, हिशेब विचारू नये

दसरा उलटला की 'या खरेदीतील काही भाग गरजू मुलांसाठी' असे छापलेली शुभेच्छापत्रे पुण्यात लक्ष्मी रस्त्यापासून मॉलमधील दुकानांपर्यंत सर्वत्र दिसू लागतात, आणि डिसेंबरात लष्कर भागात तीच ओळ नाताळच्या कार्डांवर अवतरते. अशी कार्डे घेण्याचे आपण ठरवले असेल, तर मंडईत कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये सोडवून घेताना आपण जी चौकस बुद्धी पणाला लावतो, ती त्या दिवशी कटाक्षाने घरी ठेवून निघावे.

काही भाग म्हणजे नेमका किती, हे दुकानदाराला विचारणे असभ्यपणाचे आहे; शिवाय त्यालाही ते ठाऊक नसते. 'प्रत्येक कार्डामागे पाच रुपये अमुक संस्थेला' असे स्पष्ट छापलेले कार्ड तर हातातही धरू नये, कारण आकडा दिसला की तो पडताळून पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्यापेक्षा 'नफ्यातील दहा टक्के' देणारे कार्ड निवडावे. समजा, ते ५० रुपयांचे आहे. कागद, छपाई, चित्रकाराचे मानधन, वाहतूक, वितरकाचे कमिशन आणि दुकानदाराचा वाटा वजा जाता प्रकाशकाच्या हाती सहा रुपये उरले, तर त्यांचे दहा टक्के ६० पैसे होतात. पैकी ५० पैशांचे नाणे निदान कायद्याने अजून चालते. उरलेल्या दहा पैशांचे नाणे २०११ मध्येच चलनातून बाद झाले असल्यामुळे तेवढ्या रकमेची काळजी परस्पर मिटलेली आहे. नफा झालाच नाही, तर शून्याचे दहा टक्के शून्यच भरतात आणि छापील वचन अक्षरशः पाळले जाते. याहूनही निश्चिंत व्यवस्था म्हणजे कंपनीने हंगामापूर्वीच संस्थेला एक ठरावीक रक्कम देऊन तिचे बोधचिन्ह छापण्याची परवानगी मिळवलेली असते ती. तेथे आपण एक कार्ड घेतले काय किंवा एक हजार घेतली काय, संस्थेच्या खात्यात रुपयाचाही फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने अशा विक्रेत्यांना किमतीतील किती हिस्सा कोणत्या संस्थेला जाणार हे ग्राहकाला सांगणे भाग पाडले, आणि सणासुदीच्या खरेदीतील सगळा मोकळेपणा घालवला.

संस्थेच्या नावाचाही आग्रह धरू नये. नाव कळले की नोंदणी क्रमांक विचारावासा वाटतो, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब तपासून घेऊन ते धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात, ही गैरसोयीची माहितीही पाठोपाठ येते. मग एक दिवस संस्थेला सरळ फोन करून 'अमक्या कंपनीकडून गेल्या वर्षी आपल्याला किती रक्कम मिळाली?' असे विचारण्याची इच्छा होते. ती वेळीच दाबावी. कार्डावर मुलाने काढल्यासारखे वाकडेतिकडे घर आणि हसरा सूर्य असला की पुरावा पुरेसा मानावा. युनिसेफच्या १९४९ मधील पहिल्या कार्डावर चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या मुलीने मदतीबद्दल आभार म्हणून काढलेले चित्र खरोखरच होते. पण तेव्हा संगणकावर बालहस्ताक्षराचे तयार फाँट मिळत नसत, म्हणून बिचाऱ्यांना खऱ्या मुलीला तसदी द्यावी लागली.

आपण कार्यालयातील दिवाळी समितीवर असाल, तर कार्डांची मोठी मागणी नोंदवून तिचे छायाचित्र सामाजिक बांधिलकीच्या अहवालात घालण्याचा प्रस्ताव मांडावा. विपणनाच्या लाभासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात धरता येत नाही, असे नियमांवर बोट ठेवून सांगणारा लेखा विभागातील गृहस्थ हमखास उभा राहील. त्याला पुढच्या बैठकीचे निमंत्रण पाठवू नये. तोच गृहस्थ पुढे हेही सांगेल की कार्डाचे जीएसटी बिल म्हणजे देणगीची पावती नव्हे, जिला सगळे ८०जी म्हणून ओळखतात ती देणगीवरची प्राप्तिकर सवलत खरेदीवर मिळत नाही, आणि कार्डांचा सगळा निधी एखाद्या संस्थेला धनादेशाने देऊन कर्मचाऱ्यांना ईमेलवर शुभेच्छा पाठवल्या तर छपाईचा खर्चही वाचेल. अशा माणसांमुळेच समित्यांची कामे लांबतात.

एका ठिकाणी मात्र विशेष सावध राहावे. दिवाळीच्या आधी विशेष मुलांच्या शाळा आणि कार्यशाळा शहरात जागोजागी पणत्या, उटणे, आकाशकंदील आणि हाताने रंगवलेली भेटकार्डे विकायला मांडतात. तेथे टेबलामागच्या बाई आपण न विचारताच कागद कितीला पडला, ठसे कोणी उमटवले, आणि उरलेल्या पैशांतून मुलांना विद्यावेतन किती मिळते हे सांगू लागतात, आणि कधी कधी तो ठसे उमटवणारा मुलगाच शेजारी बसून आपल्याकडे पाहत असतो. इतकी माहिती मिळाल्यावर खरेदीतील निरागसता टिकत नाही. त्यातूनही घेणे भागच पडले, तर मंडईसाठी राखून ठेवलेली घासाघीस येथे निःसंकोच वापरावी: कडा जरा तिरकी कापली आहे हे दाखवून द्यावे, डझनामागे दोन कार्डे वर मागावीत, आणि 'हेच दुकानात छान पाकिटासह मिळते' असे त्या मुलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे.

एवढे सांभाळले की आपली दिवाळी परोपकारी झालीच म्हणून समजावे. दरम्यान महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीसाठी कोणी कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दारात आला, मुलींच्या शिक्षणासाठी इच्छेनुसार रक्कम द्या म्हणाला, आणि ती रक्कम आपल्यादेखत आकड्यांत व अक्षरांत लिहून देण्याची तयारी दाखवू लागला, तर आमचे यंदाचे सामाजिक कार्य कार्डांतून आधीच उरकले आहे, असे त्याला नम्रपणे सांगावे, आणि गठ्ठ्यातले एखादे कार्ड शिल्लक असेल तर ते त्याच्या हाती द्यावे.