शुद्धलेखन तपासायला रुग्ण कशाला हवेत?

आज हृदयविकारावरच्या एका संशोधनातून फोन आला. "रुग्णांच्या बाजूने तुम्ही समितीवर या ना." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! मग मेल उघडली. औषध ठरलेलं, मोजायचं काय ते ठरलेलं, लोकांना किती वेळा तपासायला बोलवायचं तेही ठरलेलं. माझं काम? माहितीपत्रकाची भाषा सोपी आहे का ते बघून शुक्रवारपर्यंत कळवायचं. म्हणजे लग्न ठरलं, पत्रिका छापली, आता तेवढं शुद्धलेखन बघा.

माझे बाबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला रक्त पुरेसं पंप करता न येणं, झाल्यावर त्यांची सहा मिनिटं चालायची चाचणी व्हायची. बाबा हट्टी, दात-ओठ खाऊन चालायचे. कागदावर 'सुधारणा'. घरी मात्र बुटाची नाडी बांधायला वाकले की धाप. हे कुणी विचारलं नाही, कारण फॉर्मात तो रकानाच नव्हता. वाकल्यावर लागणाऱ्या या धापेला बेंडॉप्निया असं नाव देऊन तिचा नीट अभ्यास छापून आला तो २०१४ साली! त्याआधी हृदयाचे पेशंट वाकतच नव्हते का?

आणि ती लघवी जास्त व्हायची गोळी. बाहेर जायचं असलं की बाबा गुपचूप टाळायचे. संशोधनाच्या लेखी 'औषध नीट न घेणारा रुग्ण'. अहो, वाटेत बाथरूम मिळेल का, या एका धास्तीने ते घराबाहेर पडेनासे झाले होते. मोजा की हे!

रुग्णांना संशोधनातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. आकडेमोड आम्हाला येत नाही, मान्य. एका घरच्या अनुभवावर औषध ठरत नाही, तेही मान्य. पुढे?

रुग्णांमुळे काय होतं ते बघा. स्कॅड नावाचा प्रकार असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीचा आतला थर आपोआप फाटून झटका येतो, बहुतेक करून बायकांना, आणि त्याही अशा की ज्यांना कुणी हृदयरोगी म्हणणार नाही. दुर्मिळ म्हणून विषय बाजूला पडलेला. शेवटी ऑनलाइन गटात एकमेकींना सापडलेल्या रुग्ण बायकांनीच अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शेरॉन हेज यांना गाठलं, यावर अभ्यास करा म्हणून. १२ जणींपासून सुरुवात झाली, २०११ मध्ये पेपर आला. हृदयरोग्यांना रोज ॲस्पिरिन ८१ मिलिग्रॅम बरी की ३२५, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ॲडॅप्टेबल चाचणीत तर १५ हजारांवर लोक होते, आणि रुग्ण आराखड्यापासून सोबत होते. म्हणजे जमतं. जमवायचं असेल तर.

फोनवरच्या मुलीवर राग नाही हं. बाबांचं सांगितलं तर शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग हळूच म्हणाली, "हे आमच्या प्रश्नावलीत नाहीये." तिच्या हातात काय आहे बिचारीच्या!

तर मी जाणार आहे. पण पुढच्या अभ्यासाला प्रश्न ठरायच्या आधी बोलवा, हे तोंडावर सांगणार. आणि येण्याजाण्याचा खर्च, मानधन मागणार. समितीतल्या डॉक्टरांच्या वेळेला किंमत आहे, आमच्या वेळेला आभारपत्र?

स्टेंट, बायपास, पेसमेकर, तुम्हाला असो की घरात कुणाला, खाली लिहा: तुमच्या आजारातली कोणती गोष्ट कुणी कधी विचारलीच नाही? सगळं समितीपुढे ठेवते. नावं घालणार नाही.