मीठ, कोळसा आणि मारवा

"तुम्ही एकदा कान तपासून घ्या," असं मला परवा पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सांगण्यात आलं. खासगीत नव्हे, भर दुकानात, रिमोटची कव्हरं आणि दिव्यांच्या माळा घ्यायला आलेल्या गर्दीसमोर. सांगणाऱ्या गृहस्थांचं स्वतःचं श्रवणयंत्र थोड्या वेळापूर्वीपर्यंत त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

माझी मागणी काय होती? लॅपटॉपला हेडफोन जोडावा, एखादा जुना मारवा राग लावावा आणि कानात मारवाच यावा. लॅपटॉपचं म्हणणं असं की, मारवा देतो, पण मी मागे काय काय करतोय तेही ऐक. पान वरखाली सरकवलं की 'किर्रर्र'. माउस हलवला की 'चिर्र'. आणि चार्जर लावला की या सगळ्याच्या खाली अखंड 'घूंऽऽ'. ही घूं म्हणजे आपली घरगुती वीज. तिची कंपनं सेकंदाला 50, आणि कानात जास्त करून घुमते ती त्याची दुप्पट, 100. पेटीवर शोधायला गेलात तर हा स्वर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत सापडतो, म्हणजे सापडतच नाही. माझ्या रेकॉर्डिंगमधले बुवा काळी एकमध्ये गातात. त्यांचा पंचम काळी चारवर. मारव्यात पंचम वर्ज्य! बुवा तासभर जिवाच्या आकांतानं जो स्वर टाळतायत, नेमका तोच, तोही उतरलेला, धड पंचम नाही की धड तीव्र मध्यम नाही, माझा लॅपटॉप न थकता धरून बसतो.

या यंत्राला मी साठ हजार मोजले आहेत. कीबोर्डशेजारी एका नामांकित ध्वनी-तंत्राचं चकचकीत स्टिकरही आहे. स्टिकर काढलं तर त्याखाली आवाज जरा बरा असेल अशी मला शंका आहे.

तर मी साधा, स्वस्त यूएसबी डॅक घ्यायला गेलो होतो. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. ती लॅपटॉपच्या आतही असतेच, पण प्रोसेसर, पंखा आणि विजेची सगळी उठाठेव यांच्या गर्दीत मदरबोर्डवर कुठेतरी कोंबलेली. त्या शेजाऱ्यांची भांडणं हेडफोनच्या भोकातून आपल्याला ऐकू येतात. तेच काम बाहेर, बोटभर वायरीत करून घ्यायचं, इतकीच ही विद्या.

दुकानदारानं मोबाइल मानेत धरून, न विचारता, एक पाकीट पुढे सरकवलं. "सेव्हन पॉइंट वन आहे, साहेब. आठ स्पीकरांचा आवाज."

"मला दोनच कान आहेत."

"जास्त असलेलं काय वाईट? नाही तर ही केबल घ्या. गोल्ड प्लेटेड."

पिनेवर सोन्याचा मुलामा असला की ती गंजत नाही, हे खरं. पण पुण्याच्या हवेत माझी पिन कधी गंजली नव्हती, आणि किर्र पिनेतून येतच नव्हती. हे मी सांगू लागलो तसा तो म्हणाला, "आधी प्रॉब्लेम तरी दाखवा." मी लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. तिथेच सगळं बिनसलं.

शेजारी एक काका उभे होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेला पंख्याचा जुना कंडेन्सर, अडीच एमएफडीचा, नमुना म्हणून आणलेला. ते म्हणाले, "बघू." कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, खिशात टाकलं, आणि माझ्या गळ्यातला हेडफोन उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवला. मी मारवा लावला.

"कोण गातंय हे?" काका ओरडले. हेडफोन लावलेला माणूस ओरडूनच बोलतो, त्याला इलाज नाही. मग क्षणभर मान डोलली, आणि चेहरा एकदम कडक झाला. "अहो, मारवा आहे हा! सूर्यास्ताचा राग! आत्ता सकाळचे साडेअकरा वाजलेत!"

दुकान माझ्याकडे बघू लागलं. माळा घ्यायला आलेल्या एका बाईंनी तर अशी नजर टाकली की मी बहुधा सकाळी इतरही काही करत असेन.

मी पान वरखाली सरकवून दाखवलं. त्यांच्या कानावरची वाटी जरा उचलून विचारलं, "किर्र येतंय का?"

"काही किर्र नाही! झकास आहे!"

येणार कसं? माणसाचा कान 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो म्हणतात, पण ते तरुणपणी. वय वाढलं की वरचा भाग आधी जातो, आणि माझ्या लॅपटॉपची किर्र नेमकी त्या वरच्या मजल्यावर राहते. हे मी दुकानदाराला समजावत होतो. तो मात्र काकांकडे तज्ज्ञाचा अहवाल यावा तसा बघत होता.

तेवढ्यात शिट्टी वाजायला लागली. बारीक, चढत जाणारी, दातात कळ यावी अशी. दुकानदारानं पहिल्यांदाच फोन मानेतून काढला. "हां! ही बघा. आता आली. मदरबोर्ड आहे हा."

"बॅटरी फुगली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, "मागं व्हा, मागं व्हा." लोक खरोखरच मागे झाले.

"भाचा करतो बोर्डाची कामं," दुकानदार म्हणाला. "चार हजार. नाही झालं तर दोन."

न झालेल्या कामाचे दोन हजार कशाचे, हा प्रश्न विचारायला वेळ नव्हता, कारण शिट्टी कुठून येते हे मला कळलं होतं. श्रवणयंत्रात माइक आणि इवलासा स्पीकर शेजारी शेजारी असतात. चालू ठेवून खिशात दाबलं की ते स्वतःचाच आवाज ऐकून, वाढवून, पुन्हा ऐकून शिट्टी मारत बसतं. मी म्हणालो, "लॅपटॉप नाही हो, काकांच्या खिशातून येतेय." काकांना अर्थातच ना मी ऐकू येत होतो, ना शिट्टी. तेव्हा मी खुणेनं सांगायचं ठरवलं, आणि बोट त्यांच्या खिशाकडे नेलं.

"खिशाला हात लावायचा नाही!" काका गरजले. बुधवार पेठेत हे वाक्य मोठ्यांदा उच्चारलं गेलं की काय होतं, ते वर्णन करत नाही. शेजारच्या दुकानातला पोरगाही शटरखालून वाकून आला.

शेवटी काकांनी हेडफोन काढला, यंत्र कानात बसवलं, आणि शिट्टी थांबली. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना उलगडेल. दुकानदार म्हणाला, "बघा, बंद झाली. गरम झाला होता लॅपटॉप."

मग काकांनी तो निकाल दिला. आवाज उत्तम आहे, तुम्ही एकदा कान तपासून घ्या. वर मायेनं म्हणाले, "लाजायचं नाही. मीही आधी मानत नव्हतो." आणि सगळ्या दुकानानं माना डोलावल्या.

मी लॅपटॉप आवरता आवरता, चिडूनच, म्हणालो की चार्जर लावल्यावर घूं येते ती तरी खरी आहे, आणि तेव्हा लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकलं तर मुंग्याही येतात. त्याबरोबर काकांचा चेहराच पालटला. कंडेन्सर काउंटरवर ठेवून म्हणाले, "मग हे आधी नाही सांगायचं? अर्थिंग!"

ते वीज मंडळातून निवृत्त झाले होते. पुढचा पाऊण तास मला आणि दुकानाला अर्थिंग शिकवण्यात आलं. तीनपिनी प्लगची वरची पिन जाड आणि लांब का, तर ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. त्या पिनेसाठी भिंतीतल्या सॉकेटला भोक असतं, पण भोकामागे तार असतेच असं नाही, जुन्या इमारतींत कित्येक भोकं तोंडदेखली असतात. तार असली तरी ती खाली खड्ड्यात जाते, आणि खड्ड्यात पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. "उन्हाळ्यात खड्डा सुकतो," काका म्हणाले. "मग अर्थिंग मेलं. बादलीभर पाणी घाला खड्ड्यात. मारवा ऐकू येईल."

सगळ्यात जास्त राग मला याचा आला की हे बरोबर होतं.

निघताना दुकानदारानं 'टाइप सी टू थ्री पॉइंट फाइव्ह' अशी बारकी वायर पुढे केली, एका टोकाला टाइप सीची पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. ही दोन जातींची मिळते. एकीत डॅक असतो, दुसरीत नुसती तार. ती दुसरी काही ठरावीक फोनांतच चालते, बहुतेक लॅपटॉपना लावली तर कानात शांतता. पाकिटं तंतोतंत सारखी. ओळखायची खूण एकच, लावल्यावर लॅपटॉपच्या आवाजाच्या यादीत नवं नाव उगवतं की नाही. "उघडून लावून बघू?" म्हटलं तर म्हणाला, "पाकीट फोडलं की विकलं." माझा लॅपटॉप, माझा हेडफोन आणि माझे कान मात्र सगळ्यांनी उघडून बघितले.

मग मी मुकाट्यानं अ‍ॅपलची अशीच, पण आत डॅक असलेली पांढरी शेपटी दुसरीकडून घेतली. हजाराच्या आसपास पडते. अँड्रॉइड फोनला लावली तर आवाज बारीक येतो म्हणून लोक तिला नावं ठेवतात, पण विंडोजवर ती सरळ वागते. लावली आणि किर्र गेली. साफ गेली. पान सरकवा, माउस नाचवा, बुवा आपले गातायत. मग विंडोजच्या आवाजाच्या खोलीत शिरून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स'मधली स्टिकरवाल्यांची करामत तेवढी बंद केली. ती तिथेच बसलेली असते आणि गवयाला हौदात उभं करते. वर 'इक्वलायझर एपीओ' हे आवाजाचे जाड-बारीक भाग वेगवेगळ्या पट्ट्यांनी कमीजास्त करणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात एकच पथ्य: कुठलीही पट्टी वाढवलीत तर प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, तेवढीच खाली घ्या, नाही तर तान वर गेली की आवाज फाटतो. स्वस्त हेडफोनच्या ढोल खर्जाला जरा दाबलं तर तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात.

माझा भाऊ म्हणतो, एवढा कुटाणा कशाला, ब्लूटूथ घ्यायचा. त्यानं ऑफिसची मीटिंग सुरू असताना त्यावर गाणं ऐकून बघावं. माइक चालू झाला की बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनांचा आवाज टेलिफोनवर येऊन आदळतो.

पण खरं सांगू? हा हजार रुपयांचा विजय मला गोड लागत नाही. साठ हजारांच्या यंत्रात हजाराच्या शेपटीइतका डॅक बसवायला कंपनीला काय धाड भरली होती? पडदा असा, प्रोसेसर तसा, वजन पावकिलोनं कमी, हे सगळं जाहिरातीत येतं. कान कुणाच्या जाहिरातीत नाहीत. तक्रार करावी तर उत्तर ठरलेलं असतं, ड्रायव्हर अपडेट करा. अपडेट केला की स्टिकरवाल्यांचं सॉफ्टवेअर परत येऊन बसतं.

घूं अजून आहेच. बॅटरीवर ऐकलं तर नसते, पण ती बॅटरी मारव्याच्या द्रुतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेट उघडून दाखवलं, तार होती. म्हणजे प्रश्न खाली खड्ड्यात. मीटरच्या खोलीमागे फरशीखाली तो सापडला, ठणठणीत कोरडा. मी बादली घेऊन वाकलो आणि नेमके सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"इथे पाणी कशाला ओतताय?"

"हेडफोनमध्ये आवाज येतो म्हणून."

त्यांनी माझ्याकडे, बादलीकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, सामायिक जागेत असं कुणालाही काही ओतता येत नाही, लेखी अर्ज द्या, मीटिंगमध्ये घेऊ. अर्ज दिला. मीटिंगमध्ये तो पार्किंग आणि कबुतरांच्या जाळ्या यांच्यानंतर आला, तोवर सगळ्यांना घरी जायची घाई होती. इतिवृत्तात 'गाण्याच्या आवाजाबाबत तक्रार' एवढीच नोंद झाली. काल दाराखालून पत्र आलंय, सही-शिक्क्यासह: आपण रात्री दहानंतर गाण्यांचा आवाज कमी ठेवावा, इतर सभासदांना त्रास होतो.